रोह्याच्या ऑफिसातली प्रायव्हेट की

काम जितकं गंभीर, तितके किस्से जास्त साचतात. रोह्याच्या केमिकल कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो, आणि आमचं काम तर चक्क गुप्त होतं!

नव्वदच्या दशकाचा शेवट. जर्मन गिऱ्हाइकानं कळवलं, यापुढे ई-मेलवर डिजिटल सही हवी. त्यासाठी फ्लॉपीवर एक पीएफएक्स फाइल आली. आत सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की, वर पासवर्डचं कुलूप. स्टोअरच्या म्हात्रेकाकांना मी पंधरा मिनिटं समजावलं, "सर्टिफिकेट जगाला द्यायचं, प्रायव्हेट की कुणालाच नाही."

"म्हंजे सातबारा दाखवायचा, घराची चावी नाय. मग इंग्रजीत कशाला सांगतोस?"

*

तपासणीला मुंबईचे पाहुणे आले. दारातच करड्या आवाजात विचारलं, "प्रायव्हेट की कुणाकडे असते?"

काकांनी खिळ्यावरची चावी काढून हातात दिली. "ही घ्या. पण फ्लश हळू ओढा!"

*

एकदा मुंबईच्या इंजिनिअरनं फोनवर टायपिस्ट नलूताईंना सांगितलं, "सर्टिफिकेट पेम फाइलमध्ये पाठवा." पेम हा सर्टिफिकेट पाठवायच्या फाइलीचा एक साधा प्रकार. ताईंनी पेणच्या गोडाऊनची अख्खी बॉक्स फाइल कुरिअर केली!

"मॅडम, यात गोडाऊनच्या पत्र्यांचा नकाशा आहे!"

"मग पेणच्या फाइलीत काय लंडनचा असणार?"

*

आणि तो दिवस! कॉम्प्युटरची डिस्क गेली. पाचच्या आत सही करून होकार पाठवला नाही, तर जर्मन ऑर्डर हातची जाणार. फाइलची दुसरी फ्लॉपी होती, पण पासवर्ड फक्त साहेबांच्या डोक्यात. आणि साहेब गागोद्याला लग्नात!

लग्नघरी फोन लावला. लाइनवर नुसती खरखर. साहेब ओरडले, "के! के फॉर कोळंबी!"

"अक्षर मोठं की लहान?" मी ओरडून विचारलं.

"कोळंबी मोठी! बी फॉर बोंबील, बोंबील लहान! एस फॉर सुरमई, सुरमई मोठी!"

असं करत आठ अक्षरं झाली. फाइल उघडली! पाचला सात मिनिटं असताना मेल गेली. नलूताईंनी मला चक्क मिठीच मारली.

तिकडे साहेबांनी फोन ठेवला, तर अख्खा मांडव त्यांच्याकडे बघत होता. नवरीचे वडील हात जोडून पुढे आले.

"साहेब, आज जेवान शाकाहारी हाय. पण मासळी आणायला धरमतरला मोटरसायकल पाठवलीय. फक्त एक सांगा, मोठे बोंबील मिळत असताना लहान कशाला?"