दक्षिणेकडे तोंड केलेली पॅनेलं

आमच्या कंपनीत कुणी नवीन रुजू झालं की आमचा ऑस्ट्रेलियन बॉस त्याला माझ्या सासऱ्यांची गोष्ट सांगतो. कंपनी आता चांगलीच फोफावली आहे. तिकडे ऑस्ट्रेलियात सोलरची शेतंच्या शेतं, बॅटऱ्यांचे कंटेनर, आणि इकडे हॅम्बर्गमध्ये ऑफिसचे दोन मजले. सकाळी लिफ्टमध्ये मी कुणाला 'मोर्गेन', म्हणजे सुप्रभात, म्हणतोय ते मलाच ठाऊक नसतं. पण बॉस ती गोष्ट अर्धीच सांगतो. उरलेल्या अर्ध्या भागात माझी पार शोभा होते, म्हणून तो भाग मीच सांगितलेला बरा.

तेव्हा आम्ही सगळे मिळून अकरा जण होतो. आठ तिकडे, तीन इकडे. बॉसची बायको हॅम्बर्गची, म्हणून हॅम्बर्गला ऑफिस; बाकी धोरणबिरण काही नाही. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. ते झोपले की आम्ही ड्रॉइंगं काढायची, ते उठले की बघणार. माझा प्रोबेत्साइट चालू होता, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत कंपनी कधीही नारळ देऊ शकते, आणि माझा व्हिसा त्या नोकरीलाच बांधलेला. बायको माझ्यासारखीच इंजिनीयर, कॉलेजात माझ्या पुढे. पण "आधी माझी नोकरी पक्की होऊ दे, मग तुझं बघू," असं मी तिला सांगून ठेवलं होतं. त्याला तीन वर्षं झाली होती. मधे माझी एक नोकरी गेली, दुसरी लागली, वाक्य तेच राहिलं.

त्या उन्हाळ्यात सासरे आमच्याकडे राहायला आले होते. कऱ्हाडला आयुष्यभर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. महिन्याचा पास काढून दिवसभर बंदरातल्या फेरीबोटीतून हिंडायचे आणि संध्याकाळी एल्ब नदीला भरती किती आली ते मला सांगायचे. देवमाणूस. फक्त एक खोड: जावयाची चूक काढायची नाही म्हणजे नाही. दिवाळसणाला मी त्यांच्याच स्कूटरने त्यांचं तुळशीवृंदावन पाडलं, तर म्हणाले, "वृंदावनच जरा पुढे आलं होतं."

तोवर कंपनीने नुसती घरांची छपरं केली होती. आता पहिलंच मोठं काम समोर आलं होतं: फळबागायतदारांच्या सोसायटीचं कोल्ड स्टोरेज आणि शेजारच्या रानात पॅनेलं. मिळालं तर कंपनी उभी राहणार, नाही मिळालं तर गाशा गुंडाळायचा, आणि पहिला गाशा माझा. सोमवारी सकाळी बॉस छापील ड्रॉइंग घेऊन थेट सोसायटीच्या बैठकीला जाणार होता. त्यामुळे आमच्याकडून ते रविवारी संध्याकाळपर्यंत जायला हवं होतं.

मी ते शुक्रवारीच पुरं केलं. आमच्या जर्मन सीनियरने तपासून 'गेप्रुफ्ट' असा शिक्का मारला. जर्मन छपरांवर पॅनेलं बसवण्यात त्यांचे केस पांढरे झालेले. त्यांच्यापुढे कोण बोलणार? एकच खटकत होतं. सॉफ्टवेअर वीज फार कमी दाखवत होतं. मग मी ऑस्ट्रेलियातल्या धुळीवर एक पानभर टीप लिहिली. टीप अशी झकास, की वाचणाऱ्याला खोकला यावा.

पाठवायला अजून दोन दिवस होते, म्हणून घरी येऊन मी ड्रॉइंग जेवणाच्या टेबलावर पसरलं, स्वतःचंच कौतुक बघायला. सासऱ्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.

"जावईबापू, हे ऑस्ट्रेलियातलंच ना?"

"हो की बाबा. खाली पत्ता लिहिलाय."

"उत्तम. रेघा किती सरळ आल्यात!" मग थोडं थांबून, "तिकडे दुपारी सूर्य कुठल्या अंगाला असतो हो?"

"आकाशात असतो, बाबा," मी म्हणालो आणि आपल्याच विनोदावर हसलो.

बायको म्हणाली, "बघू मला." मी म्हणालो, "अगं सोलरचं आहे ते, तुला नाही कळायचं." आत जाऊन तिने कांदा जरा जोरातच चिरला.

शनिवारी सासऱ्यांनी एक मोसंबं घेतलं, त्याच्या पोटाखाली टाचणी टोचली आणि मोबाइलचा टॉर्च लावला. "बघ गं बाळ," ते माझ्या बायकोला सांगत होते, पण आवाज असा की माझ्या खोलीत खणखणीत यावा, "ही टाचणी म्हणजे ऑस्ट्रेलियातला माणूस. त्याने सूर्याकडे तोंड करायचं तर वळायचं कुठे?" मी ओरडलो, "बाबा, जरा हळू! मी कामात आहे." त्यांनी तोच धडा आणखी दोनदा घेतला. मी दार लावून घेतलं. शेवटी बिचाऱ्यांनी ते मोसंबं सोलून मलाच आणून दिलं, आणि मी ते खाल्लंही.

रविवारी दुपारी मसालेभात होता. सासरे नुसते शितं चिवडत बसलेले.

"बाबा, बरं नाही का?" बायकोने विचारलं.

"घास उतरत नाही गं." मी समोर बसलेलो, पण ते तिच्याशीच बोलत होते. "यांना जरा विचार ना, पॅनेलांचं तोंड दक्षिणेकडे का ठेवलंय?"

माझं टाळकंच सटकलं. "बाबा, पॅनेलांचं तोंड दक्षिणेकडेच ठेवतात! जर्मनीत ठेवतात, भारतात ठेवतात, सगळ्या जगात ठेवतात!"

"सगळ्या जगात?" बायको म्हणाली.

मी तोंड उघडं टाकून बसलो. अरे देवा! विषुववृत्ताच्या खाली, तिकडे, दुपारचा सूर्य उत्तरेला. आठवीच्या पोराला येणारी गोष्ट, आणि मी इंजिनीयर धुळीवर निबंध लिहून बसलेलो.

मी लॅपटॉपकडे धावलो. "पॅनेलं फिरवतो, दोन मिनिटांचं काम!" बायकोने मला बाजूला सारलं आणि स्वतः खुर्चीत बसली. "फिरवून काय होणार? ही इमारत बघ. सावली पडू नये म्हणून तू पॅनेलं तिच्या दक्षिणेला ठेवलीस. तिकडे सावलीही दक्षिणेलाच पडते. सगळं उचलून पलीकडे न्यायला हवं." तिने ते पलीकडे नेलं. रांगांमधलं अंतर नव्याने काढलं, केबलचा मार्ग बदलला, आणि माझी धुळीची टीप एका बोटाने उडवली. वीज कशी भराभर वाढली! मी काय केलं? चहा केला, आणि सीनियरना फोन केला. जर्मन माणसाला रविवारी फोन, म्हणजे कुणीतरी गेलं असणार, या हिशेबाने त्यांनी तो उचलला. सगळं ऐकून त्यांच्या तोंडून एकच शब्द आला: "आल्झो...", म्हणजे आपलं 'हं, तर मग...'. सहा वाजता ड्रॉइंग गेलं.

सोमवारी सकाळी आम्ही चहा घेत असताना बॉसचा फोन आला. सोसायटीने होकार दिला होता! माझा अक्षरशः जीव भांड्यात पडला. रविवारचा प्रकार सीनियरनी त्याला कळवला होता, म्हणून मग त्याने विचारलं, "ऐन वेळी ड्रॉइंग बदललंत, ती चूक लक्षात कुणाच्या आली?" 'माझ्याच' हा शब्द ओठांवर आला होता. पण समोर सासरे चहात बिस्कीट बुडवत होते. म्हणालो, "माझ्या सासऱ्यांच्या. भूगोलाचे मास्तर आहेत." बॉस हसून हसून लोळायचा बाकी राहिला. त्या होकारावर मग दुसरं कोल्ड स्टोरेज आलं, दूधडेअरी आली, एका गावाचा पाणीपुरवठा आला, आणि सायकलवाल्याची खोली आम्हाला पुरेना. बॉसची गोष्ट इथे संपते.

फोन ठेवून मी सासऱ्यांच्या पाया पडलो. "बाबा, नोकरी वाचवलीत. पण तीन दिवस का हो छळलंत? यापुढे माझं काही चुकलं तर तोंडावर सांगा. जावई म्हणून भीड धरू नका."

"चालेल?"

"शपथ आहे माझी."

त्यांनी कप खाली ठेवला. "मग आत्ताच सांगतो. चूक मी पाहिली, ते तुम्ही साहेबांना सांगितलंत. दुपारभर बसून ती दुरुस्त कुणी केली, ते नाही सांगितलंत."

मी उगाच बिस्किटांचा पुडा त्यांच्याकडे सरकवला.

"'आधी माझं होऊ दे, मग तुझं,' असं मीही हिच्या आईला म्हणालो होतो. तिची गाण्याची परीक्षा राहिली, ती राहिलीच. ती गेली तेव्हा पेटी माळ्यावरच होती. मला कुणी बोललं नाही. मीही कुणाचा तरी जावईच होतो ना!" असं म्हणून ते माझ्यादेखत रडायला लागले.

मी परत फोन लावला. "आता काय," बॉस म्हणाला, "सासूबाई?"

"नाही. ते ड्रॉइंग माझ्या बायकोने केलंय. इंजिनीयर आहे. तीन वर्षं घरी बसली आहे, माझ्यामुळे."

बॉस म्हणाला, "तिला फोन दे."

बायको स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिने हात पुसायचं सोडून तसाच ओल्या हाताने फोन घेतला, आणि पहिलं 'हॅलो' म्हणताना तिचा आवाज कापला. इतकी हुशार बाई, साध्या 'हॅलो'ला घाबरली होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की बाबांकडे वळून बघायचा धीर झाला नाही.