जॅकवेलमधल्या नऊ खडशी

मी फिटर, चांदभाई पंप ऑपरेटर. कंपन्यांना आणि कॉलन्यांना पवनेचं पाणी पुरवणाऱ्या पंपघरात आम्ही चौदा वर्षं काढली. मी काढली, त्यानं भोगली. बदली माणूस कधी मिळायचाच नाही. सख्ख्या बहिणीच्या निकाहालाही हा मशीनजवळच. पंप थांबला की बोंब याच्या नावानं.

जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी आत घेणारी खोल विहीर, हेच त्याचं घर. तिच्या तोंडाला लोखंडी जाळी. बोटाएवढ्या खडशी मासोळ्या जाळीतून आत शिरल्या, हातभर वाढल्या आणि मग बाहेर पडता येईना. नऊ होत्या. खाणवाल्यांनी नदीत सुरुंग लावून लावून या माशाचं बी ठेवलं नव्हतं. आमच्या भागात उरल्या त्या एवढ्याच.

एकोणऐंशी साली साहेबांचा हुकूम आला, "उद्या विहीर उपसा, ब्लीचिंग टाका."

चांदभाई माझ्याकडं आला. "हिंदुराव, पुनावळ्याच्या डोहात गाववाले सुरुंग लावू देत न्हाईत. तितं सोडून ये. मला पंप सोडता येत न्हाई, राव."

त्यानं स्वतः टोपलीनं एकेक मासा वर काढला. मी स्टोअरमधला मोठा पिंप आणला, दोनदा विसळला, नदीचं पाणी भरलं आणि टेम्पोत चढवला. पिंप ब्लीचिंग पावडरीचा होता. जन्म पाण्याच्या खात्यात गेला, पण एवढी अक्कल मला नव्हती. काळेवाडीच्या पुढं झाकण उघडलं, तर नऊच्या नऊ पोट वर करून.

परतलो. चांदभाई दारातच उभा. "सोडल्या?"

"व्हय. सर्रकन गेल्या."

तो लहान पोरागत हसला. मला त्याच क्षणी सांगायला हवं होतं.

एक्याऐंशीला तो रिटायर झाला. दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात. "आता मोकळा झालो. चल, दाखव."

डोहावर मी बोट दाखवलं ते वाटेल तिकडं. तो तासभर बघत बसला. एकाएकी पाणी हललं आणि तो म्हणाला, "आपलीच हाय ती!"

तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज झाली की तो मला घ्यायला येतो. नजर अधू झालीय, एकट्याला जमत नाही. काठावर बसून विचारतो, "दिसली का रं एखादी?"

मी दर वेळी मरतो आणि सांगतो, "दिसली."