चंपतरावांचा पाखरांचा वर्ग

कामठीच्या चंपतरावांची सगळी नोकरी विजेच्या खांबावर गेली. तारेवर कावळ्याचा खोपा दिसला की उतरवायचा, हे लाइनमनचं कामच. पण पिल्लं उडालेला रिकामा खोपा ते फेकत नसत. सायकलला बांधून घरी आणत.

"काड्याकुड्या कायले आणता जी घरात?" म्हणत त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी एकदा सारा ढीग चुलीत घातला. तेव्हापासून खोपे गावातल्या एका शाळेच्या अडगळीच्या खोलीत राहू लागले. निवृत्तीनंतर तिथंच पाखरू मंडळ जमलं.

मंडळाची रीत न्यारी. रविवारी पहाटे कन्हान नदीकाठी जायचं, पण नव्या माणसाला पाखराचं नाव सांगायचं नाही. त्यानं पाहायचं, ऐकायचं, मग आपणच नाव ठेवायचं. 'तिकीट, तिकीट' ओरडते म्हणून किराणावाले भैयाजी टिटवीला 'कंडक्टरबाई' म्हणत. चंपतराव बोलत आणि मंडळातली तरुण मिनल ते त्यांच्याच बोलीत ब्लॉगवर टाकी.

मग शाळेवर नवी समिती आली. धर्मादाय म्हणून करमाफीची नोंदणी दाखवा, नाहीतर खोली खाली करा!

चंपतरावांनी नागपुरात धंतोलीला सीए केयूरला गाठलं.

"काका, छंदाले धर्मादाय कोण म्हणते? अन् ब्लॉग तं कोनीबी लिहून राहिलं. शिक्षण दाखवा लागते. फळा, वर्ग, हजेरी."

"अन् मानसं नदीवर शिकतात, ते काय व्हय गा?"

"ते फिरनं झालं, काका."

खोपे ठेवायला दुसरी जागा नव्हती. चंपतरावांनी फळा टांगला. तपासणीला करखात्याचे साहेब आले, तेव्हा पोराटोरांच्या बाकांवर मंडळी गुडघे दुमडून बसली होती.

"वर्ग केव्हा असतो?" साहेबांनी विचारलं.

मंडळींना सवड रविवारीच. साहेब खूश व्हावेत म्हणून चंपतराव पटकन बोलून गेले, "दर रविवारी, पहाटेच जी!"

साहेबांनी लिहून घेतलं. नोंदणी झाली. पेढे खाताखाता केयूर म्हणाला, "आता तोच वर्ग चालवा काका. कधीबी येऊन पाहू शकतात. बंद दिसला तं नोंदणी जाईन."

पेढा चंपतरावांच्या टाळूला चिकटला. रविवारची पहाट तर नदीची होती.

आता रविवारी पहाटे ते फळ्यावर नावं लिहितात. टिटवी. खंड्या. धोबी. माणसं वहीत उतरवतात. निम्मी तर यायचीच बंद झाली.

त्या दिवशी मैदानावर टिटवी ओरडली. भैयाजी अर्धे उठले. "कंडक्टरबाई आली गा!"

"बसा भैयाजी. हजेरी व्हायची हाये."

"तुम्ही तं मास्तरच झाले राजेहो," भैयाजी पुटपुटले आणि बसले.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक कावळा आत वाकला. खिडकीलगतच्या कपाटावरच्या जुन्या खोप्यातली तार त्यानं चोचीनं ओढली, पुन्हा ओढली, सुटल्यावर घेऊन नदीकडं उडाला. चंपतराव खडू हातात धरून पाहत राहिले. खांबावर असते, तर तो कुठं बसतो ते दिसलं असतं.

"मिनल," त्यांनी नाव पुकारलं.

"हजर."