ढिवरटोलीला न गेलेलं डफडं

देवाजी कोतवालाचं डफडं वाजलं की आमच्या गावात कुत्रीही भुंकायची थांबतात म्हणे. हे जरा जास्तच झालं. कुत्री भुंकतातच, पण माणसं थांबतात. दरेकसाच्या डोंगराखालच्या या गावात मोबाईल आला, ग्रामपंचायतीचा व्हॉट्सअॅप ग्रुपही आला, तरी दवंडी फिरल्याशिवाय कुणी ग्रामसभेला जात नाही. डफडं नाही तर सभा नाही, एवढं साधं गणित.

देवाजीचा आजा दवंडी द्यायचा तेव्हा त्याला मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, ओसरीखाली उभं राहावं लागे. देवाजी भर चौकात, मधोमध उभा राहून देतो. याचा त्याला फार अभिमान. पंधरा ऑगस्टला तो आधी विहारात हात जोडतो आणि मग पांढरा सदरा घालून झेंड्याकडे निघतो, घरचंच लग्न असल्यासारखा.

यंदा सरपंच भैयाजींनी त्याला आधीच बोलावून घेतलं. झेंडावंदनानंतरच्या सभेत तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाला द्यायचा विषय होता. या तलावावर नाल्यापलीकडची सगळी ढिवरटोली, मासेमारांची वस्ती, जगते. मासे आणि शिंगाडे, दुसरं हाताशी काही नाही. टोली सभेला आली तर विषय पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. भैयाजी तसं काही बोलले नाहीत. नाल्यात चिखल झाला आहे, टोलीवर जायची गरज नाही, एवढंच म्हणाले. मग सहज आठवल्यासारखं विचारलं, "अश्विनले पक्कं कराचं आहे ना रे?"

अश्विन हा देवाजीचा मुलगा. ग्रामपंचायतीत कंत्राटी शिपाई आहे.

देवाजी गावभर फिरला. नाल्यापाशी आला, डफडं काखेत मारलं आणि माघारी वळला. घरी बायकोने, कुसुमबाईने, त्याचे कोरडे पाय पाहिले आणि टोलीवर गेला नाहीत का म्हणून विचारलं. त्याने सगळं सांगून टाकलं. वर म्हणाला, मी खोटं तर काही बोललो नाही.

"खोटं नाही सांगतलं, हे खरं," ती म्हणाली. "पन सांगतलंच नाही, त्याले काय म्हनाचं?"

देवाजी त्या दिवशी जेवला नाही.

पंधरा ऑगस्टला टोली झेंड्याला आली. ती दरवर्षी येते. भैयाजींनी भाषण ठोकलं. हुतात्म्यांचं रक्त, बलिदान, सगळं यथासांग झालं. मला त्या भाषणाचा राग नाही आला, भाषणं तशीच असतात. राग आला तो समोर बसून टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा सगळ्यांचा. बुंदी वाटून झाली आणि टोलीतली रुख्मा देवाजीजवळ आली.

"अवंदा सभा नाही का जी? डफडं नाही आलं."

देवाजीने मान वर केली नाही. "डफडं नाही आलं ना?"

"नाही."

"मंग," तो म्हणाला, आणि हातातल्या बुंदीकडे पाहत राहिला.

रुख्माने टोलीला हाक मारली. निंदणाचे दिवस, कुणाला वेळ होता? माणसं बांधाबांधाने निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत देवाजी उभा होता. डफडं ग्रामपंचायतीच्या खोलीत खुंटीला होतं. एक थाप पुरली असती. त्याने ती मारली नाही, आणि थोड्या वेळात सभेत हात वर झाले, तलाव गेला.

स्वातंत्र्य कोण खाऊन राहिलं म्हणून विचारलं की आपण लगेच दिल्ली-मुंबईकडे बोट दाखवतो. तिकडेही खात असतील, मी नाही म्हणत नाही. पण आमचं गेलं ते नाल्यापाशी, आणि ते घालवणारा माणूस चांगला होता. मला याचीच भीती वाटते.

दोन ऑक्टोबरच्या सभेची दवंडी द्यायला देवाजी सगळ्यांत आधी ढिवरटोलीवर गेला. नाल्यात खरोखरच चिखल होता, गुडघ्यापर्यंत. तलावाच्या पाळीवर ठेकेदाराचा राखणदार खाट टाकून बसला होता. रुख्मा दारात होती. जाळं तिने गुंडाळून वळचणीला टांगलं होतं.

"आता कायले आले जी?" तिने विचारलं. उत्तराला थांबली नाही, आत गेली.

देवाजीने सभेचा दिवस सांगितला, वेळ सांगितली. शेवटच्या घरापर्यंत डफडं वाजवत गेला. बाहेर कुणी आलं नाही.