भिंतीपलीकडे न जाणारं नाव

वायफायच्या नावावरून आमचं घर गेलं, असं सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. आधी मलाही हसूच आलेलं.

डोंबिवलीतलं ते घर भाड्याचं होतं, पण घर म्हणावं असं. त्याआधी आम्ही दिवा स्टेशनजवळ होतो. टँकर आला की जिन्यात हंड्यावरून भांडणं. डोंबिवलीत नळ उघडला की पाणी यायचं आणि मुलीचं इंजिनिअरिंग कॉलेज रिक्षाने दहा मिनिटांवर. घरमालक त्याच मजल्यावर समोरच राहायचे, सासू-सून दोघीही बोलक्या. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं. ते पुन्हा व्हावं, मुलीचं कॉलेज तिथूनच पुरं व्हावं, एवढंच आम्हाला हवं होतं.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. नवऱ्याने त्या ‘कर’च्या आडोशाने आयुष्य काढलं. घर बघायला गेलं की मालक हटकून विचारणार, “मूळचे कुठले तुम्ही?” त्यांना गावाशी काय करायचंय? काय हवं असतं ते आम्हाला कळतं आणि त्यांनाही कळतं. नवरा तालुका सांगायचा, नदी सांगायचा, पाऊसपाणी सांगायचा, आणि नेमकं तेवढं गाळायचा. हॉलमध्ये घड्याळ, तसबिरी आतल्या खोलीत. माझं डोकं फिरायचं. “अहो, चोरी केलीय का आपण?” तर म्हणायचा, “तुला भांडायला काय जातंय? घर मला शोधायला लागतं.”

नवीन राउटर आला तेव्हा मुलगीच सेटिंग करायला बसली. तिने मला समजावलं, यात दोन नेटवर्क असतात. एक टू पॉइंट फोर, सावकाश चालतं पण भिंती ओलांडून लांब जातं. दुसरं फाइव्ह जी, ते पळतं जोरात, पण एक-दोन भिंती आल्या की दमतं. दोघांना वेगळी नावं देता येतात, एकच दिलं तरी चालतं. तिने एकच दिलं. धम्मदीप. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या घरात आमची म्हणून पहिलीच पाटी लागली होती.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तो चपला न काढताच ओरडला. “खाली गेटवर दिसतंय ते माझ्या मोबाइलला! अख्ख्या बिल्डिंगला दिसत असेल!”

“मग दिसू दे की,” मुलगी म्हणाली. तिने फोनवरची यादी त्याच्यासमोर धरली. कोणाचं कुलदैवत, कोणाचं आडनाव, कोणी आपल्या घराण्याचा तोरा लावलेला. “यांना कोणी विचारतं का, पप्पा?”

तो पंख्याखाली घाम पुसत बसला. मग म्हणाला, “लांब जाणाऱ्याचं नाव बदल. होम कर, काहीही कर. ते दुसरं घराबाहेर फारसं जात नाही ना? त्याला ठेव तुझं नाव.”

“म्हणजे तसबिरींसारखंच ना?”

तिने बदललं.

काही आठवड्यांनी एका रविवारी मालकांचं नेट बंद पडलं. सुनेला भावाला व्हिडिओ कॉल करायचा होता. “वहिनी, तुमचं वापरू का जरा?” मी म्हटलं, “या की, त्यात विचारायचं काय?” सासूबाईही मागोमाग आल्या. मी चहा टाकला. होम म्हणून आहे ते घ्या, असंही मीच सांगितलं. यादीत दोन्ही नावं दिसतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

“हे धम्मदीप कोणाचं हो?” सून म्हणाली. “फुल दाखवतंय.”

“वरच्या मजल्यावरचं असेल,” नवरा लगेच म्हणाला.

मुलगी आतून बाहेर आली. “नाही काकू, आमचंच आहे.”

सासूबाईंनी हॉलभर नजर फिरवली, पहिल्यांदाच आल्यासारखी. “हो का?” म्हणाल्या. मग त्यांना गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं आणि सुनेला घरातलंच नेट सुरू झालं असेल असं वाटलं. दोन कप चहा मी बेसिनमध्ये ओतला.

वाईट शब्द कोणी बोललं नाही, बरं का. बोलले असते तर मी सोडलं नसतं! फक्त समोरचं दार, जे सारखं उघडं असायचं, ते बंद राहू लागलं. ॲग्रीमेंटची वेळ आली तेव्हा मालक हात जोडून म्हणाले, गावाहून भाचा येतोय, त्याला जागा लागणार. मी विचारलं, “हा भाचा वायफायमधून निघाला का?” ते पायाकडे बघत राहिले. आम्ही खोकी बांधत होतो तेव्हाच एजंट एका जोडप्याला घर दाखवायला घेऊन आला. भाच्याचा पत्ता नव्हता.

मुलीला एका शब्दाने कोणी बोललं नाही. ती तसबिरी चादरीत गुंडाळत बसली.

आता परत दिव्याला आलोय. पाण्यासाठी ती माझ्याआधी उठते आणि कॉलेजला उशिरा पोचते. नवीन कनेक्शन घेतलं त्या दिवशी ती फोन घेऊन बसली तेव्हा मी म्हटलं, “दोन्हींना धम्मदीपच दे. बघते मी कोण काय म्हणतं ते.”

“नको, आई. राउटरखाली आकड्यांचं नाव छापलंय, तेच राहू दे,” ती म्हणाली. “त्या आकड्यांना कोणी जात विचारत नाही.”

मी तिच्यावर ओरडले. “अगं, तू पण?” तिने मान वर केली नाही, पासवर्ड टाकत राहिली. नवरा दारात उभा होता. इतकी वर्षं हेच तो तिला शिकवत होता, आणि आता ती शिकली तर भिंतीला धरून रडायला लागला.