यवतमाळच्या ठेशनावर बाबा हरवले तेव्हा

त्या वर्षी माझं आणि देवाचं बोलणं बंद होतं. ज्या बाबांनी मला बोट धरून देवळात नेलं, त्यांनाच आता माझी ओळख उरली नव्हती. दारव्ह्याला ते माझ्याच घरी राहत, पण मला 'बाई' म्हणत आणि ताट वाढलं की "तुमचे लई उपकार" म्हणून हात जोडत. यवतमाळच्या डॉक्टरांनीही सांगितलं, गेलेली आठवण परत येणार नाही. ते ऐकून आम्ही बापलेक परतीच्या गाडीसाठी स्टेशनावर आलो.

तेव्हाचं ते स्टेशन म्हणजे घरचं अंगणच. अरुंद रुळांवर आमची शकुंतला, ती छोटी आगगाडी, निवांत उभी असे, कडुनिंबाखाली बायका शिदोऱ्या सोडत, आणि कोणी धावत येताना दिसलं की गार्डबाबू हिरवी झेंडी जरा उशिरानं दाखवत.

बाबांना बाकावर बसवून मी पाणी भरायला गेले. नळावर गर्दी होती. शिट्टी झाली, गाडी हलली, मी वळून पाहते तर बाक रिकामा! ते गाडीत चढले की बाहेर गेले, कोणालाच सांगता येईना. हमाल, चहावाले सगळे शोधायला लागले. आम्ही बाजारापर्यंत जाऊन आलो. स्टेशनमास्तरांनी पुढच्या स्टेशनाला निरोप दिला, तोवर गाडी तिथूनही सुटली होती. शेवटी मी त्या रिकाम्या बाकावर येऊन बसले. कित्येक महिन्यांनी हात जोडले, तेही रागानंच. मागणं काही सुचेना. एवढंच म्हटलं, "माझ्याच्यानं आता होत नाही. तुझं माणूस आहे, तूच पाहा."

उन्हं कलली तेव्हा रुळांच्या कडेनं दोघं येताना दिसली. बाबा, आणि त्यांचा हात घट्ट धरलेली एक बंजारा म्हातारी. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं.

"हे तुह्ये बाबा ना? चालत्या गाडीतून उतरून राह्यले होते. म्या हात धरला तो सोडलाच नाही. पुढच्या ठेशनावर उतरवलं अन् पायी आनलं."

"मावशी, तुमची गाडी त गेली!"

"जाऊ दे व. नातवाचं बारसं उद्या हाय दारव्ह्याले, एसटीनं जाईन. हे सारखं एकच म्हनून राह्यले, 'माही पोरगी पानी आनाले गेली. मी नाई दिसलो त घाबरन ते.' मंग मले गाडीत बसून राहवते का?"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी काकुळतीनं मला विचारलं, "बाई, माही पोरगी पाह्यली का तुमी?"

"हो बाबा," मी म्हटलं, "येऊनच राह्यली ते."

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही तिघं दारव्ह्याला आलो. वाटभर बाबा मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले होते. दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन बारशाला गेले, बाळाला मांडीवर घेतलं.

बाबांनी पुढेही मला कधी ओळखलं नाही. पण त्यांनी ओळखावं हा माझा हट्ट त्या दिवशी सुटला. माझा चेहरा ते विसरले होते. मी घाबरेन, ही काळजी विसरले नव्हते. तो चमत्कार होता का, मला माहीत नाही. माझे हात थकले तेव्हा दुसऱ्या कोणीतरी त्यांचा हात धरला होता, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर मी फक्त त्यांची सेवा केली आणि बाकीचं देवावर सोपवलं.