गिरवलेली पानं

जुन्या चित्रकथेचा अंक उघडला, की चित्राच्या आधी त्याचा वास भेटीला येतो. शाईचा उग्रपणा वर्षानुवर्षं निवत गेलेला, आणि कागद पिवळा पडता पडता त्यात उतरलेला एक गोडसर, वाळल्या पाल्यासारखा गंध. माझ्या अंकांना आणखीही एक वास आहे, मळीचा. माझं बालपण अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत गेलं. गळीत हंगाम सुरू झाला की भाकरीपासून अंथरुणापर्यंत सगळ्याला मळीचा आंबूस दर्प चिकटे. तो माझ्या अंकांनीही टिपून घेतला आणि अजून सोडलेला नाही. लोक अत्तराच्या कुप्या जपतात. मी हे जपत आले!

संग्रहाचं वेड माणसाला नेमकं कुठून लागतं? धनाचा, मानाचा लोभ समजण्यासारखा आहे. पण अस्तित्वातच नसलेल्या राक्षसांचा, पाताळातल्या नगरांचा, ढगांवर उभारलेल्या किल्ल्यांचा लोभ कशासाठी? मला वाटतं, जिथे काळ्या रानावरून नजर सुटली की थेट क्षितिजाशीच जाऊन थांबते, आणि उन्हाळ्यात बाभळीच्या काट्यांखेरीज तिला मध्ये काही भेटत नाही, तिथल्या मुलांचे डोळे आपली तहान भागवायला आडवाटा शोधतात. माझ्या डोळ्यांना ती वाट सापडली एका ट्रॉलीच्या मागे.

एक्याऐंशी सालचा हिवाळा असेल. मी पाचवीत होते. उसाच्या ट्रॉल्यांची रांग कारखान्याच्या फाटकाबाहेर खोळंबली होती, आणि त्यांतल्या एकीच्या मागच्या फाळक्यावर पंख पसरलेला निळा घोडा होता. खालून चिखल उडालेला, मधून पत्रा चेपलेला, तरीही तो उडत होता. वडील कारखान्यात फिटर होते. त्यांनी सांगितलं, हे काम वडीगोद्रीच्या सुदाम पेंटरचं. मी इतका हट्ट धरला की पुढच्या रविवारी त्यांनी मला सायकलवर बसवून तिथे नेलं.

सुदामभाऊ तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते. हमरस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड, त्यात ते गाड्यांचे नंबर आणि दुकानांच्या पाट्या रंगवत. गावातल्या विहाराच्या भिंतीवरची कमळंही त्यांचीच. शेडच्या आत खिळ्यांनी ठोकलेली चित्रकथांची पानं होती, रंगाचे शिंतोडे उडालेली. माझा घोडा तिथेच सापडला! जालन्याच्या एका रद्दीच्या दुकानातून अंक आणतो, त्यातलं आवडेल ते पान फाडतो आणि जसंच्या तसं पत्र्यावर उतरवतो, असं त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. मूळ चित्रातली रेघ केसभर इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे. निघताना त्यांनी मला मुखपृष्ठ नसलेला एक अंक दिला. माझ्या संग्रहातला तो पहिला.

त्यानंतर पाच वर्षं आमची देवघेव चालली. ते जालन्याला गेले की दोन गठ्ठे आणत, एक स्वतःसाठी, एक माझ्यासाठी. त्या अंकांची छपाई बेताची असे. लाल रंग जरा सरकला की राक्षसाचे ओठ हनुवटीवर यायचे आणि राजकन्येचं कुंकू केसांत जायचं. पण त्या चुकांतही केवढी माया होती! कुठल्याशा दूरच्या शहरात, उकाड्यात बसून कुणीतरी एकेका खवल्याला शाई दिली होती, आणि त्या माणसाचं नावही बहुधा कुठे छापलेलं नसे. मी ती नावं शोधत राही. सुदामभाऊ हसत. नावाशी त्यांना काय कर्तव्य, त्यांना रेघ हवी होती.

आठवीत असताना जालन्यात पुस्तकांचं प्रदर्शन भरलं. तिथून वडिलांनी मला रशियन लोककथांचं एक मोठं चित्रपुस्तक आणून दिलं. बर्फात बुडालेली अरण्यं, सोनेरी घुमट, झाडांच्या बुंध्यांत लपलेले चेहरे, आणि प्रत्येक पानाला वेलबुट्टीची चौकट. आमच्या घरात माझ्यासाठी आलेलं ते पहिलं नवंकोरं पुस्तक. हात धुतल्याशिवाय मी ते आईलाही उघडू देत नसे. दहावीच्या वर्षी, बराच विचार करून, ते मी आठ दिवसांसाठी सुदामभाऊंना दिलं. परत आलं तेव्हा मधलं पान नव्हतं.

त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. एका ट्रॅक्टरवाल्याला तेच अरण्य हवं होतं, घाई होती, म्हणून पान फाडून भिंतीला ठोकलं. मी रडू लागल्यावर ते गोंधळले आणि म्हणाले, "पान कुठं गेलं न्हाई, मंदा. भिंतीवर हाये. कधीबी येऊन बघ ना."

आज वाटतं, त्यांच्या दृष्टीनं चित्र दहाजणांच्या नजरेला पडेल तिथे असायला हवं होतं आणि माझ्या दृष्टीनं ते पुस्तकाच्या शिवणीत. पण पंधराव्या वर्षी मनाला असा तोल कुठे असतो? पुस्तक छातीशी धरून मी निघाले आणि पुन्हा त्या शेडची पायरी चढले नाही.

पुढे अध्यापनाचा कोर्स झाला, लग्न झालं. माझ्याबरोबर आलेल्या लोखंडी पेटीत भांडी असतील असं सासूबाईंना वाटलं होतं. त्यांनी झाकण उघडून राक्षस पाहिले, आणि हळूच पुन्हा लावून टाकलं. वडीगोद्रीच्याच शाळेत मला नोकरी लागली. रोज येता-जाता शेड दिसे, सुदामभाऊ मान हलवत, मीही हलवे; त्यापलीकडे काही नाही. पेटी मात्र भरत गेली. औरंगाबादच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात एकदा कल्पनाचित्रांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं, ढगांतून उतरणारे पंखधारी सर्प आणि समुद्रात उभे मनोरे असलेलं. ते घरी आणताना बसमध्ये मी मांडीवरून हलवलं नाही. पण त्या सगळ्या वर्षांत मी एकही पुस्तक कुणाच्या हाती दिलं नाही. वर्षातून एकदा कडुनिंबाचा पाला बदलायचा, ऊन द्यायचं, मोजायचं आणि कुलूप लावायचं. याला जपणं म्हणायचं की कोंडणं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

मग फ्लेक्सचे दिवस आले. एका रात्रीत छापून येणाऱ्या फलकांपुढे ब्रशाचा काय टिकाव लागणार? शेडमधली कामं ओसरली, नुसते गाड्यांचे नंबर उरले. आणि एका सकाळी बातमी आली की सुदामभाऊंना लकवा झाला, उजवी बाजू गेली, जीभही जड झाली. मी त्यांच्या पत्नीला, शांतावहिनींना, भेटून आले, पण आतल्या खोलीत जायचं धाडस झालं नाही.

महिनाभरानं शांतावहिनी मधल्या सुट्टीत शाळेत आल्या. पदरानं तोंड पुसत त्या म्हणाल्या, "बाई, डॉक्टरनं रबरी चेंडू दिलाय दाबायला. त्याला हातच लावनात. भिंतीकडं तोंड करून पडून राह्यलेत. तुमच्याकडं चित्राची पुस्तकं हायेत म्हनं..." पुढचं त्यांना मागता आलं नाही.

संध्याकाळी मी पेटी उघडली आणि, सांगायला लाज वाटते, त्यातले सगळ्यांत फाटके, दोन-दोन प्रती असलेले अंक निवडून नेले. सुदामभाऊंनी डाव्या हातानं ते चाळले आणि बाजूला सरकवले. चाळीस-पंचेचाळिशीतला तो माणूस वाळलेल्या खोडासारखा दिसत होता, पण डोळे चित्रकाराचेच होते. काय आणलं आहे आणि काय घरी ठेवलं आहे, हे त्यांना बरोबर कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी मी रशियन पुस्तक नेलं. ते पानं उलटत गेले, अगदी सावकाश, आणि मध्यावर, जिथे फक्त फाटलेली कड उरली होती, तिथे थांबले. त्या कडेवर त्यांनी बोट ठेवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते आजारपणाचं होतं की कशाचं, ते मी विचारलं नाही. त्या पानाचं पुढे काय झालं, तेही नाही. मी पुढच्या चित्रावर पातळ बटर पेपर ठेवला, त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली आणि पहिलीच्या मुलांना सांगते तसं म्हटलं, "गिरवा."

त्यांना जोर आवरत नव्हता. पेन्सिल खिळ्यासारखी रुतत होती, आणि बटर पेपरखालच्या पानावर प्रत्येक रेघेचा चर पडत होता. मी समोर बसून ते पाहत होते. माझं मन आक्रसून गेलं होतं. चित्राची नक्कल काढून आणता आली असती, एखादं साधं पुस्तक देता आलं असतं. पण इतक्या दिवसांनी त्यांनी हातात काहीतरी धरलं होतं, आणि तेवढ्यात उठून मी ते कसं काढून घेणार? घरी आल्यावर पान दिव्याखाली तिरपं धरलं. सोनेरी घुमटावरून, झाडांवरून, वेलबुट्टीवरून एक थरथरती, भरकटलेली रेघ गेली होती. उद्या काहीतरी कारण काढून जायचं टाळावं, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटली आणि पाय त्यांच्याच घराकडे वळले.

तीन-चार महिने हा क्रम चालला. रशियन पुस्तक झालं, मग जुने अंक, मग ते जाड इंग्रजी पुस्तकही. जीभ हळूहळू वळू लागली. काढलेला पंखधारी सर्प सरड्यासारखा झाला, तेव्हा सुदामभाऊ आजारपणानंतर पहिल्यांदा हसले, आणि स्वयंपाकघरातून शांतावहिनी हातातलं पीठ तसंच ठेवून पाहायला आल्या. उजवा हात पूर्वीसारखा होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण डाव्या हाताला आता ब्रश पेलत होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुख्याध्यापकांशी बोलून मी त्यांना पहिलीच्या वर्गाची एक भिंत मिळवून दिली. समोर ठेवायला आवडेल ते पुस्तक घेऊन जा, असं म्हणून पेटीची किल्लीच त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. रोज सकाळी स्टुलावर बसून ते काम करत, वहिनी रंग कालवून देत. मला चार दिवस येऊ नका म्हणून सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी गेले. भिंतीवर एक प्राणी उभा होता. धड बैलाचं, मान बगळ्यासारखी लांब आणि किंचित वाकडी, पाठीवर उसाच्या पानांचे हिरवे पंख, आणि चेहऱ्यावर नुकतंच झोपेतून उठल्यासारखं कुतूहल. रेघ कुठे जाड, कुठे तुटलेली, पण सगळं अंग जिवंत. मी मनातल्या मनात पेटीतलं एकेक पान उलटलं. माझ्या संग्रहातलं प्रत्येक चित्र मला पाठ आहे. हे त्यात कुठेही नव्हतं.

"सुदामभाऊ, हा कोणत्या पुस्तकातला?" मी विचारलं.

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला. "पुस्तकातला न्हाई, बाई," ते म्हणाले. "ह्या हाताला बघून बराबर काढता येत न्हाई. म्हून मंग... माझाच काढला."

उभ्या आयुष्यात दुसऱ्याची रेघ केसभर न हलवणाऱ्या माणसाचं, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, हे पहिलं स्वतःचं चित्र होतं! शरीरानं एक वाट बंद केली म्हणून दुसरी आपोआप उघडते, असं मी म्हणणार नाही. इतकी सोपी गोष्ट ती नव्हे. ती वाट त्यांनी रोज थोडी थोडी खणली होती, माझ्या पानांवर चर पाडत पाडत. त्या पानांची किंमत आता कुणी रसिक संग्राहक शून्य करील. मला मात्र ती डोळे मिटूनही बघता येतात, बोट फिरवून.

शाळा सुरू झाल्यावर पहिलीतली मुलं त्या प्राण्याच्या नावावरून बराच काळ भांडत राहिली आणि अजून त्यांचं एकमत झालेलं नाही. मी दारात उभी राहून ऐकते. आयुष्यभर सुंदर दिसेल ते घरी नेण्याची मला सवय. पण भिंत काही घरी नेता येत नाही. आणि खरं सांगते, ती न्यावीशी मला एकदाही वाटली नाही.